डिकीवरची थाप

मी जन्माचा संशयी माणूस. बायको होती तोवर म्हणायची, "तुम्ही देवळात गेले का आधी चपलेकडे पाहता, मंग देवाकडे." तिचं काही खोटं नव्हतं. शहरातल्या सदर भागात एका डॉक्टरसाहेबांची गाडी मी सोळा वर्षं चालवली. साहेब आत पेशंट तपासायचे आणि मी बाहेर सावलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासायचो. हा टायरवर हात ठेवून का उभा राहिला, तो एकदा जाऊन परत का आला. त्या सोळा वर्षांत गाडीची चाकावरची एक टोपीही चोरीला गेली नाही, आणि मला एकही मित्र झाला नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. डॉक्टरसाहेब मुलाकडे कायमचे राहायला निघाले आणि जाताना आपली जुनी अँबॅसॅडर मला अगदी स्वस्तात देऊन गेले. एवढ्या स्वस्तात का, याचा मला महिनाभर संशय होता. मी इंजिन दोनदा उघडून पाहिलं. काही निघालं नाही. तेव्हा खापरखेड्याला वीज केंद्रावर ठेकेदारांची आणि इंजिनिअर लोकांची सारखी ये-जा असायची. मी त्यांना सकाळी सदरमधून उचलायचो आणि संध्याकाळी परत आणून सोडायचो. त्यावर घर चालायचं.

आमचं घर विणकरांच्या वस्तीत, एका बोळाच्या शेवटी. बोळ पुढे बंद. समोरच्या खोलीत बाबांचा माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. त्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी चाळीस वर्षं लुगडी विणली. गाडी आली तेव्हा ती ठेवायला दुसरी जागाच नव्हती. मी माग मोडला, खड्डा मुरूम टाकून बुजवला, दार रुंद करून घेतलं आणि गाडी आत घातली. बाबा तेव्हा विणत नव्हतेच म्हणा. कंबर साथ देत नाही म्हणून वर्षभरापूर्वीच त्यांनी माग बंद केला होता. मी विचारलं, "बाबा, मोडू का?" ते म्हणाले, "मोड." बस्स, एवढंच. एवढ्या एका शब्दावर माझा विश्वास बसला नाही. मनात राग असणारच, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी गाडी सरळ नाकासमोर आत जायची, पण वळवायला जागा नसल्यामुळे सकाळी तोच बोळ, शंभर-सव्वाशे पावलं, उलटा पार करावा लागे. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर दात घासणारी माणसं, मध्ये सायकली, कोंबड्या, लहान लेकरं. गाडीची मागची काच लहान, आणि आरसा म्हणाल तर आत एकच, वीतभर. त्यात मला माझंच कपाळ जास्त दिसायचं. म्हणून बाबा मागे उभे राहायचे. डावा हात डिकीवर ठेवून गाडीबरोबर चालायचे आणि तोंडाने "आन दे, आन दे" म्हणायचे. डिकीवर एक थाप म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांब. बोळाच्या तोंडाशी पोचलं की तीन थापा, म्हणजे जा आता. माग गेल्यावर बाबांना दिवसभरात एवढंच काम उरलं होतं. त्यासाठी ते पहाटेच आंघोळ उरकून, धुतलेली टोपी घालून तयार असायचे. ज्या दिवशी हे काम जाईल त्या दिवशी त्यांनी खाटेवर बसून राहायचं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

बोळात अजून चार-पाच माग चालू होते, त्यामुळे आठवड्या-पंधरवड्यात कोणाची तरी पांजण निघायचीच. पांजण म्हणजे ताण्याला खळ लावणं. लुगड्याचे हजारो उभे धागे बोळभर लांब ताणून फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांवर कमरेच्या उंचीला पसरायचे, त्यांना भाताची खळ लावायची आणि मोठ्या कुंच्याने विंचरत ऊन चढायच्या आत सुकवायचे. पांजण असली की बोळ बंद. बाबा दारातच सांगायचे, "आज थांब, पांजण हाय." मी थांबायचो आणि सदरमध्ये ताटकळलेल्या साहेबांची बोलणी खायचो.

संशयाला सुरुवात झाली ती एका पायरीवरून. त्या दिवशी बाबांना ताप होता. उशिरा उठले आणि तसेच, तोंडही न धुता, गाडीमागे येऊन उभे राहिले. "आन दे, आन दे" चाललं होतं आणि एकदम खर्रकन आवाज आला. बोळातल्या मधल्या घराने आदल्या दिवशी ओट्याला नवी पायरी बांधली होती. बंपर तिला घासून गेला. थाप पडली, पण घासल्यावर.

"बाबा, एवढी मोठी पायरी दिसली नाही तुम्हाले?"

"ध्यान नव्हतं गा," ते म्हणाले.

ध्यान नव्हतं म्हणे. या माणसाने चाळीस वर्षांत लुगड्याच्या काठातला एक तुटका धागा सुटू दिला नव्हता. दिवसभर खापरखेड्याच्या रस्त्याला माझ्या डोक्यात तेच. एक तर बाबांची नजर गेली असेल, नाही तर मागाचा राग मनात आहे, आणि पोराची गाडी घासली तर घासू दे, असं झालं असेल. मला दुसरं जास्त खरं वाटलं. माझं डोकं तसंच चालतं.

तरी खात्री करायला दुसऱ्या दिवशी मी बोळात एक घमेलं गुपचूप पालथं घालून आलो आणि गाडी काढली. बाबा चालत आले. घमेल्यापाशी बरोबर दोन थापा. पायाने घमेलं बाजूला सारल्याचा आवाज आला, आणि पुन्हा "आन दे." म्हणजे दिसतं. मग पायरीच कशी दिसली नाही? आता मला संशय राहिला नव्हता, खात्री झाली होती.

एकदा शोधायला लागलं की सापडतंच. बाबा पहाटे, मी अंथरुणात असताना, बोळात जायचे आणि अर्ध्या तासाने परत यायचे. अनवाणी, तोंडात दातवण. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. प्रत्येक ओट्याशी थांबून ते काहीतरी हळू आवाजात बोलायचे आणि पुढे सरकायचे. दूध आणायचं नाही, पाणी भरायचं नाही, मग रोज बोलायचं काय? माझ्याबद्दलच, दुसरं काय असणार. बापाचा माग मोडून त्या जागी मोटार उभी करणारा पोरगा. त्या दिवसांत मी बोळातून गेलो की ओट्यावरच्या बायका बोलता बोलता थांबायच्या. मला वाटायचं, बघा, माझं बरोबर होतं.

मी ठरवलं, मागचे डोळे आपण आपलेच लावून घ्यायचे. बाहेरचे आरसे तेव्हा बहुतेक ट्रकांनाच असायचे. सदरच्या मागच्या गल्लीतला एक मिस्त्री गोल, फुगीर काचेचे आरसे पुढच्या मडगार्डवर भोक पाडून बसवून द्यायचा. म्हणाला, "छोड़ के जाओ भाऊ, शाम को ले जाना." गाडी मिस्त्रीकडे सोडून जाणाऱ्यातला मी नाही. त्याचं ड्रिल मडगार्डमधून आरपार गेलं तेव्हाही मी स्टीअरिंगमागेच बसून होतो. तो हसून म्हणाला, "बॅटरी नहीं खाता मैं." मी तर बॅटरीचा विषयच काढला नव्हता. मग याच्या तोंडी तीच कशी आली? मी उतरून बॉनेट उघडलं. बॅटरी जागेवर होती. निघताना त्याने बजावलं, "इसमें जो दूर दिखता ना भाऊ, वो पास रहता. और पूरा भरोसा मत करना." स्वतःच्या मालावर भरवसा ठेवू नका म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला, म्हणून त्याच्यावर थोडा विश्वास बसला.

संध्याकाळी बाबांनी दोन्ही आरशांवरून हात फिरवला. काचेवरून, दांडीवरून, नव्या बोल्टवरून.

"हे कायले लावले?"

"मागचं दिसते, बाबा. आता सकाळी तुम्हाले तरास नाही. ओट्यावर आरामात बसा."

बाबांनी बोल्ट पुन्हा चाचपला. मग म्हणाले, "पुढं पाहून मागचं दिसते?"

"दिसते ना."

"मंग बरंच हाय," असं म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशीही ते टोपी घालून तयार होते. ओट्यावर बसले. मी आरशात पाहत पाहत सरसर बोळाबाहेर पडलो, एकही थाप न खाता. चार दिवस असंच. समोरच्या काचेतून मला ते बसलेले दिसायचे. गाडी त्या पायरीपाशी आली की त्यांचा डावा हात मांडीवरच हळूच पडायचा, एकदा, सावकाश म्हणून. मला वाईट वाटायचं, कशाला खोटं बोलू. मग वाटायचं, मला वाईट वाटावं म्हणूनच करत असतील.

पाचव्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि बाबा येऊन माझ्या दाराला धरून उभे राहिले.

"आज थांब. मावशीची पांजण हाय."

मावशी म्हणजे बोळाच्या आमच्याच टोकाला राहणारी, नात्याची नव्हे, पण सगळ्या बोळाची मावशी. नवरा गेल्यावर एकाच मागावर तिने घर ओढलं होतं. मी दोन्ही आरशांत पाहिलं. बोळ तोंडापर्यंत मोकळा. बांबू दिसले, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेले वाटले. सदरमध्ये आठ वाजता दोन नवे इंजिनिअर उभे राहणार होते.

"कुठं हाय पांजण? बोळ तर रिकामा दिसते."

"हाय गा."

"तुम्हाले दिसून राहिली?"

बाबा बोळाकडे तोंड करून म्हणाले, "दिसून राहिली ना. पांढरी हाय."

मला राग आला. मी नव्या आरशात पाहतो आहे, मला काही दिसत नाही, आणि यांना पांढरी पांजण दिसते. काम गेलं म्हणून काम तयार करतात, असं मी मनात म्हटलं. "सरका बाबा," म्हणालो आणि गाडी मागे सोडली.

आवाज मोठा झाला नाही. आधी एक बांबू कडकन मोडला, मग बारीक तटतट सुरू झाली. कोणी ओरडलंही नाही. मावशी ताण्याच्या पलीकडच्या टोकाला, ओट्याच्या आडोशाला पाठमोरी कुंचा मारत होती. गाडी थांबवायचं काम बाबांकडे होतं, म्हणून तिने मागे वळून पाहण्याचं कारणच नव्हतं. ताणा असतो आडवा, पसरलेल्या चादरीसारखा, आणि गाडीत बसलेल्याची नजर नेमकी त्याच उंचीला. चादर काठाच्या बाजूने पाहिली तर नुसती रेघ दिसते. त्या फुगीर काचेत ती रेघसुद्धा उरली नव्हती.

मी खाली उतरलो. बंपरला धागे गुंडाळले होते, ओले, खळीने चिकट. डाळिंबी रंगाचे, अगदी गडद. पांढरा एकही नव्हता.

मी त्या रंगाकडेच पाहत राहिलो. मावशी कुंचा हातात घेऊन आली. आता शिव्या पडणार, असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "तुया बाबानं सांगतलं नाही का तुले? पहाटेच तर म्या सांगतलं त्याले."

"सांगतलं. पण पांढरी हाय म्हणे. त्याहिले तरी कुठं दिसली, मावशी?"

"त्याले कशी दिसन?" मावशी माझ्याकडे पाहत राहिली. "दोन वर्षं झाले, उजेड अन् सावली, इतकंच समजते त्याले. नाही तं माग काहून बंद केला असता? रोज पहाटे बोळात फिरते, काय कुठं ठेवलं ते पायानं पाहून घेते. दारोदार विचारते, आज काही नवं ठेवलं का, बांधलं का, पांजण हाय का. पुऱ्या मोहल्ल्याले माहीत हाय. तुले नाही माहीत?"

ताप होता त्या दिवशी पहाटेचा फेरा झाला नव्हता, म्हणून पायरी राहून गेली. घमेलं पायाला लागलं होतं. ओट्या-ओट्यावरची ती कुजबूज माझ्याबद्दल नव्हती, माझ्या गाडीसाठी होती. आणि मला पाहून बायका गप्प व्हायच्या, त्या बाबांची गोष्ट पोटात ठेवायला. अख्ख्या बोळात संशय घेणारा मी एकटा आणि काहीच ठाऊक नसलेलाही मीच. ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या शब्दावर मी वर्षभर गाडी उलटी काढली आणि एका कोंबडीलाही धक्का लागला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी काढली ती चार दिवस, आणि पाचव्या दिवशी मावशीचा ताणा तोडला. मला स्वतःची फार लाज वाटली.

खळ लावलेला ताणा तसाच टाकून चालत नाही. सुकायच्या आत तुटलेले धागे सांधले तर लुगडं वाचतं. बाबा भिंतीला हात लावत लावत आले. एवढे दिवस माझ्यापासून लपवलेला तो हात आता त्यांनी माझ्यासमोर भिंतीवर ठेवला होता.

"किती गेले?" त्यांनी मावशीला विचारलं.

"तिसरा हिस्सा."

बाबांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि खाली बसले. कोणीतरी चुलीतली राख आणून दिली. राखेची चिमूट बोटांना लावून ते दोन टोकं शोधायचे, जुळवायचे आणि एकच पीळ द्यायचे. धागा जुळला की पुढचा. त्या कामाला डोळे लागतच नव्हते. बोळातले आणखी दोघं-तिघं येऊन बसले. मी बाबांच्या समोर बसलो. लहानपणी हे काम मी खेळता खेळता करायचो, पण आता माझ्या बोटांत गियरचा दांडा बसला होता. मी जुळवलेला धागा सारखा सुटायचा.

"तुया सुटून राहिला," बाबा म्हणाले. धाग्याची ओढ त्यांच्या हाताला लागली असणार. "राख जास्त लाव. अन् जोर नोको देऊ."

सदरमधले इंजिनिअर त्या दिवशी कसे गेले कोण जाणे. मी गेलो नाही. ऊन ओट्यांवर आलं तोवर अर्ध्याहून जास्त धागे जुळले होते. मावशी चहा ठेवायला आत गेली, बाकीचे पलीकडच्या टोकाला होते. बाबांनी बोटं न थांबवता विचारलं, "मावशीनं सांगतलं ना तुले?"

"काय?"

"मले दिसत नाही ते."

माझं आयुष्य दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेलं. स्वतः बोलायची फार सवय नव्हती. तरी तोंडातून आपसूक निघालं, "त्यात सांगायचं काय हाय? मले माहीत होतं."

बाबांची बोटं थांबली. "कधीपासून?"

"गाडी आणली तेव्हापासून."

"मंग हे आरसे कायले लावले?"

"ताप आला होता ना तुम्हाले. अंगात ताप घेऊन उभे राहिले, म्हणून."

मला वाटलं, आता पकडलं. बाबांनी धाग्याचं टोक दोन बोटांत फिरवलं आणि फिरवतच राहिले.

"म्हणजे तुले माहीत होतं, अन् तरी रोज माया भरवशावर गाडी मागं घेत होता?"

"रोज."

"लेकरं असतात गा बोळात. भेव नाही वाटलं?"

"तुम्ही होते ना मागं," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा धागे जुळवायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. राखेने भरलेल्या हाताने त्यांनी एकदा डोळे पुसले, तेव्हा मी मान फिरवली. मावशीचं लुगडं महिन्याभरात मागावरून उतरलं. त्यात दोष कुठे आहे हे फक्त विणणाऱ्यालाच दिसलं असतं.

पुढे मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू होता, आणि फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टोपी घालून गाडीमागे आले, डावा हात डिकीवर. आरसे मी काढले नाहीत. त्यांत मला बोळाच्या आधी बाबांची टोपी दिसायची, आणि मी ती पाहत पाहत गाडी सोडायचो. शेवटच्या आजारपणापर्यंत हे काम त्यांनीच केलं.

बोळात आलेल्या-गेलेल्याला ते एक गोष्ट सांगायचे. "माया पोराले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मले दिसत नाही म्हणून. तरी त्यानं एक दिवस मागं वळून नाही पाह्यलं." मावशी समोर असली तर ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हो बाप्पा, माहीत होतं त्याले." ताणा तुटला त्या सकाळचा माझा चेहरा तिने पाहिला होता. बोळाने आधी बाबांचं माझ्यापासून लपवलं, मग माझं त्यांच्यापासून.

आता बाबा नाहीत. त्या दिवशी ओट्यासमोर माझी थाप त्यांनी एवढ्या सहज कशी खरी मानली, असा संशय मला अधूनमधून येतो. दिसत नसताना पांढरी म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं खोटं ऐकू आलं नसेल? हा संशय मी पुढे नेत नाही. आयुष्यात तेवढा एकच मी आपणहून सोडून दिला.